एप्रिल लागला की इन्व्हर्टेज आत का अडकतं? यीस्टच्या स्रावाचा उन्हाळी बिघाड

तक्रार दरवर्षी तीच. जानेवारीत यीस्टच्या सेक म्युटंटचं (जनुकातल्या बदलामुळे तापमान वाढलं की प्रथिनं बाहेर टाकणं थांबवणाऱ्या यीस्टचं) प्रॅक्टिकल पुस्तकात लिहिल्यासारखं निघतं: २५ अंश सेल्सिअसला इन्व्हर्टेज, म्हणजे सुक्रोज फोडणारं एन्झाइम, पेशीबाहेर, ३७ ला आत. एप्रिल लागला की २५ चा फ्लास्क ३७ च्या फ्लास्कसारखा वागायला लागतो. बाहेर जवळपास काही नाही, आत साचलेलं, आणि कधी कधी आतही नाही. मग स्ट्रेन मेला, यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा ओलावला, साखर मोजायचा डीएनएसए अभिकर्मक जुना झाला, असे तर्क सुरू होतात. नवीन बाटल्या मागवल्या जातात. त्या येईपर्यंत जून उजाडतो, पाऊस पडतो, आणि प्रयोग आपोआप सुधारतो. श्रेय नव्या बाटल्यांना.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जाणं ही बातमी राहिलेली नाही. बंद खोलीत, पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर, दुपारी ३८-४० सहज असतात. अशा खोलीत २५ अंश हे तापमान विकत घ्यावं लागतं, आणि बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आधी यंत्राकडे बघा

साधा बॅक्टेरियॉलॉजिकल इन्क्युबेटर गरम करतो, गार करत नाही. त्याच्या माहितीपत्रकात 'खोलीच्या तापमानापेक्षा ५ अंश जास्तपासून पुढे' अशी ओळ बारीक अक्षरात असते. खोली ३६ ला असेल तर तो ४१ च्या खाली नीट धरणारच नाही, बटण २५ वर फिरवलं तरी. हीटर बंद राहतो, दिवा विझलेला दिसतो, आणि आपल्याला वाटतं तापमान गाठलं गेलं. शेकरची गोष्ट त्याहून वाईट. मोटर स्वतः तापते आणि ती उष्णता बंद पेटीतच राहते.

गार करणारं यंत्र म्हणजे बीओडी इन्क्युबेटर. त्यात कॉम्प्रेसर असतो, आणि तो मुळात पाण्याची बीओडी चाचणी (पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना किती ऑक्सिजन लागतो ती) २० अंशांना करता यावी म्हणून असतो. पुष्कळ कॉलेजांत तो पर्यावरणशास्त्राच्या खोलीत बाटल्यांनी भरलेला असतो. दोन खण मागून घ्या. संकोच करू नका.

वॉटर बाथचंही तेच. जुन्या डायलच्या बाथमध्ये मे महिन्यात दुपारी नळाचं पाणी भरलं आणि डायल ३० वर ठेवला, तर बाथ ३० ला असेल असं समजू नका. आमच्याकडचे परिचर मामा एकदा बादली ठेवता ठेवता म्हणाले, "सर, नळनं पानीच तापेल शे." गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेलं पाणी होतं ते. बोट घातलं तर चटका बसत होता. त्यात सेक म्युटंटचा फ्लास्क बुडवायचा आणि वर लेबल लावायचं '३० अंश'!

म्हणून पहिली तपासणी: पडद्यावरचा आकडा सोडा, फ्लास्कच्या आतलं तापमान मोजा. तुमच्या कल्चरइतकंच पाणी भरलेला एक जादा फ्लास्क बाकीच्यांच्या मधोमध ठेवा आणि त्यात तापमापी सोडा. सोबत एक कमाल-किमान तापमापी आत ठेवा, शेतीशाळेत भिंतीवर टांगलेली असते तसली. हिचा उपयोग रात्रीसाठी. वीज अकराला जाते, तीनला येते. सकाळी तुम्ही आठला येता तेव्हा पडदा २५ दाखवतो आणि सगळं आलबेल दिसतं. कमाल काटा मात्र ३५ वर अडकलेला असतो. असा काटा बघितल्यावर पुढचा पूर्ण तर्क बदलतो.

३५ अंशांनी एवढं काय बिघडतं?

साध्या यीस्टचं काही बिघडत नाही, हीच तर यातली मेख. वाइल्ड टाइप, म्हणजे जनुकात बदल न झालेला, सॅकरोमायसिस ३७ ला वाढतो आणि इन्व्हर्टेज व्यवस्थित बाहेर टाकतो. अडतो तो म्युटंट.

पीटर नोविक आणि रँडी शेकमन यांनी १९७९ मध्ये सेक-१ हा पहिला म्युटंट मांडला. २५ अंशांना जगणारा, ३७ ला स्राव थांबवणारा. लगेच पुढच्या वर्षी, १९८० मध्ये, असे २३ जनुकगट त्यांच्या हाती होते. ते शोधायची युक्ती सुंदर आहे: स्राव अडला तरी पेशी आत माल बनवत राहते, तिचा आकार मात्र वाढत नाही, त्यामुळे ती जड होते. घनतेच्या उतारावर फिरवली की जड पेशी तळाशी बसतात. तिथून उचलायच्या. या कामासाठी शेकमन यांना २०१३ चं नोबेल मिळालं, जेम्स रॉथमन आणि थॉमस झ्युडहॉफ यांच्यासोबत.

या म्युटंटांत एखाद्या सेक प्रथिनाची घडी कच्ची असते. २५ ला ती टिकते, ३७ ला मोडते. पण निसर्गाने २५ आणि ३७ यांच्यामध्ये भिंत घातलेली नाही. काही अ‍ॅलील (जनुकाची बदललेली रूपं) ३० च्या पुढेच लंगडायला लागतात. ३३-३५ ला प्रथिनाचे काही रेणू शाबूत, काही मोडलेले, अशी अवस्था असते. निकालही तसाच अर्धवट येतो: थोडं बाहेर, थोडं आत, आणि दर वेळी वेगळं. 'रिझल्ट रिपीट होत नाही' ही तक्रार ऐकली की माझा पहिला संशय या मधल्या तापमानावर जातो.

कुठे अडलं हे म्युटंटवर ठरतं. इन्व्हर्टेज आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या प्रथिनांची घडी बसवणाऱ्या जाळ्यात) शिरतं, तिथे त्याला शर्करेच्या साखळ्या लागतात, मग गॉल्जी (मालाची वर्गवारी करणारा पुढचा कप्पा), मग पुटिका (माल वाहणाऱ्या पिशव्या), मग पेशीपटलाबाहेर. सेक-१८ मध्ये ते जालिका आणि गॉल्जी यांच्या दरम्यान थांबतं, सेक-१ मध्ये भरलेल्या पुटिका पटलाच्या दाराशी येऊन साचतात. केळीचा घड रावेरच्या शेतातच पडून राहिला, की सावदा स्टेशनात वॅगनमध्ये भरून गाडी सुटायची राहिली, इतका हा फरक आहे. दोन्हीकडे बाजारात केळी नाही, पण उपाय वेगळा.

मोजमापाचा घोळ

इथे जरा थांबावं लागेल, कारण निम्म्या तक्रारी तापमानाच्या नसून मोजण्याच्या असतात.

पहिला घोळ: विद्यार्थी कल्चर सेंट्रिफ्यूज करतात, पेलेट (तळाशी बसलेल्या पेशी) फेकतात आणि सुपरनॅटंटमध्ये (वरच्या द्रवात) इन्व्हर्टेज शोधतात. सापडत नाही. सापडणारही नाही, कारण यीस्टचं स्रवलेलं इन्व्हर्टेज बहुतांशी पेशीपटल आणि पेशीभित्तिका यांच्या मधल्या जागेत राहतं. सुक्रोज भित्तिकेतून आत जाऊ शकतं, त्यामुळे 'बाहेरचं' इन्व्हर्टेज मोजायचं ते धुतलेल्या, अख्ख्या पेशींवर. त्याच पेशींचा दुसरा भाग ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून गोठवून वितळवा, म्हणजे पटल फुटतं आणि 'एकूण' इन्व्हर्टेज मिळतं. एकूण वजा बाहेरचं म्हणजे आतलं. सुपरनॅटंटमध्ये एन्झाइम भरपूर सापडलं तर आनंद करू नका. उन्हाने पेशी फुटल्या असण्याची शक्यता आधी तपासा. अल्कोहोल डिहायड्रोजनेजसारखं पेशीद्रवातलं एन्झाइमही तिथे सापडलं, तर तो स्राव नव्हेच.

दुसरा घोळ ग्लुकोजचा. भरपूर ग्लुकोज असताना स्रावी इन्व्हर्टेजचं जनुक दबलेलं असतं. म्हणून पेशी धुऊन ०.१ टक्के ग्लुकोजच्या मीडियममध्ये टाकतात, तेव्हा ते जागं होतं. धुणं घाईत झालं तर जुनं २ टक्के ग्लुकोज सोबत येतं आणि दुहेरी घात करतं: एन्झाइम बनत नाही, आणि डीएनएसए मात्र त्या उरलेल्या ग्लुकोजलाच लाल रंग देतो.

तिसरा घोळ थोडा आतला आहे. यीस्टमध्ये इन्व्हर्टेजचं आणखी एक रूप असतं. त्याच एसयूसी-२ जनुकाच्या आखूड आरएनएपासून बनणारं, शर्करा न लागलेलं, पेशीद्रवातच राहणारं. ते ग्लुकोज असतानाही थोडंफार बनत राहतं. त्यामुळे 'आतलं' कधीच शून्य येत नाही, अगदी वाइल्ड टाइपमध्येही. शून्य वेळेचं (प्रयोग सुरू होतानाचं) रीडिंग घेतलं नाही तर हेच मूळचं आतलं एन्झाइम 'अडकलेलं' म्हणून वहीत जातं.

आणि चौथा, खास उन्हाळ्याचा. इन्व्हर्टेज हे भरपूर शर्करा लागलेलं, दणकट एन्झाइम आहे. ५० अंशांच्या आसपास ते सगळ्यात जोरात चालतं. म्हणजे टेबलावर ३० ऐवजी ४० अंशांना मोजणी केलीत तर आकडा फुगतो. जानेवारीच्या आकड्याशी मे महिन्याचा आकडा थेट लावूच नका. एकाच दिवशी, एकाच बाथमध्ये मोजलेलं बाहेरचं आणि एकूण यांचं गुणोत्तर लावा. तापमान चुकलं तरी ते दोघांचंही सारखंच चुकतं.

हे गुणोत्तर हाती आलं की निदान सोपं होतं. समजा ३७ ला दोन तासांत एकूण २० वरून १०० वर गेलं आणि बाहेरचं १५ वरून १८ वर. माल बनतोय, निघत नाही. हा खरा अडथळा. एकूण इन्व्हर्टेजच २० वर राहिलं तर बनणंच थांबलंय: ग्लुकोज उरलंय, पेशी मेल्यात, किंवा फ्लास्क ४० च्या वर जाऊन पेशीने उष्माघाताचा बंदोबस्त सुरू केलाय. त्या अवस्थेत ती हीट शॉक प्रथिनं बनवते आणि बाकीचं उत्पादन आवरतं घेते. वाइल्ड टाइपचा फ्लास्क शेजारी असेल तर हा शेवटचा मुद्दा एका नजरेत कळतो. तोही थांबला असेल तर सेक जनुकाला दोष देऊ नका.

नमुना काढला की लगेच बर्फावर, सोडियम अझाइड घालून, म्हणजे वाहतूक जागच्या जागी थांबते. बर्फ वितळून नुसतं पाणी झालंय का ते बघत जा, मे महिन्यात थर्माकोलच्या डब्यातही तो फार टिकत नाही. अझाइड विषारी आहे. अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका आणि सिंकमध्ये ओतू नका. तांब्या-शिशाच्या नळात त्याचे स्फोटक क्षार बनतात.

परतीची चाचणी

अडकलेलं खरंच वाहतुकीत अडकलंय, की कायमचं निकामी झालंय? सेक-१ ला ३७ वरून परत २५ ला आणा, आणि आणताना सायक्लोहेक्झिमाइड घाला, म्हणजे नवीन प्रथिन बनायचं थांबेल. तरीही बाहेरचं वाढलं आणि आतलं कमी झालं, तर जुना साठाच बाहेर पडतोय. मला स्वतःला या प्रॅक्टिकलमधला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो, आणि वेळ नाही म्हणून नेमका हाच गाळला जातो. सगळे सेक म्युटंट असे परत येत नाहीत, काहींचं मोडलेलं प्रथिन मोडलेलंच राहतं, तेव्हा चाचणीसाठी सेक-१ घ्या.

उन्हाळ्यात ही चाचणी फसते ती 'परत २५ ला' या तीन शब्दांवर. ३७ चा फ्लास्क उचलून ३८ च्या टेबलावर ठेवला तर तो परतला कुठे? आधीच २५ ला आणून ठेवलेल्या मीडियममध्ये पेशी उचलून टाका, गरम फ्लास्क हळूहळू निवण्याची वाट बघू नका. उलट दिशेलाही तेच. ३७ ला नेताना मीडियम आधी तापवून ठेवा.

म्युटंट 'बरा' झाला तर

एप्रिलभर गरम खोलीत ठेवलेल्या स्लँटवर (तिरक्या आगारच्या नळीवर) एक गुपचूप निवड चालू असते. २५ ला जगणारे लाखो, त्यात एखादा उलट उत्परिवर्तन होऊन ३५ ला सुखाने वाढणारा. खोली ३५ ला, म्हणजे त्याचीच चलती. दोन-तीन सबकल्चरांनंतर नळीवर नाव सेक-१८ चं आणि आत वाइल्ड टाइपसारखं वागणारं यीस्ट. लक्षण उलटं दिसतं: ३७ लाही इन्व्हर्टेज बाहेर येतं. विद्यार्थी म्हणतात प्रयोग छान झाला, सगळीकडे अ‍ॅक्टिव्हिटी आहे.

प्रयोगाआधी दोन प्लेटांवर रेघा ओढा, एक २५ ला, एक ३७ ला. ३७ च्या प्लेटवर वाढ दिसली, अगदी तुरळक मोठ्या वसाहती दिसल्या तरी, ती नळी बाद. ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवलेल्या मूळ साठ्याकडे परत जा. कुरिअरने स्ट्रेन मागवायचा असेल तर हिवाळ्यात मागवा. मे महिन्यात पुणे ते जळगाव टपालाच्या गाडीत स्लँटला जे तापमान सोसावं लागतं ते ३७ वर थांबत नाही.

गार कसं ठेवायचं

बीओडीमध्ये छोटा शेकर ठेवणं सगळ्यात बरं. मोटरची उष्णता धरून आतलं तापमान पुन्हा मोजा. ते नसेल तर थर्माकोलने वेढलेला शेकिंग वॉटर बाथ, आणि त्यात फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आलटून पालटून. मासे ठेवायच्या टाकीचा छोटा पंप पाणी फिरतं ठेवतो, नाहीतर बाटलीशेजारी १८ आणि कोपऱ्यात ३०. तीन-चार तासांच्या प्रयोगाला हे पुरतं, रात्रभराला नाही. एसीच्या खोलीत शेकर नेणार असाल तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखे आणि दिवे, हे आधी विचारा.

कूलर माणसांसाठी आहे. मे मधल्या कोरड्या हवेत तो खोली निववतो हे खरं, पण २५ ला नेत नाही, आणि वाळ्याच्या टट्ट्यांतून येणारी ओली हवा प्लेटांवर अ‍ॅस्परजिलस पेरते. पहाटे काम करा असा सल्लाही ऐकू येतो. भुसावळला मेच्या शेवटी पहाटेची खोलीही २५ ला येत नाही.

पिकिया वापरणाऱ्यांसाठी

म्युटंट नाही, तरी उन्हाळ्यात स्राव घटतो, अशी तक्रार पिकिया पास्टोरिस या दुसऱ्या यीस्टवर काम करणाऱ्यांची असते. कारण वेगळं. मेथॅनॉल इंडक्शन (मेथॅनॉल घालून हवं ते प्रथिन बनवायला लावणं) ३० ला करायचं असतं, ३२ च्या वर उत्पादन पडतं आणि पेशी मरायला लागतात. मेलेल्या पेशींतून प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइमं, बाहेर येतात आणि स्रवलेलं प्रथिन फ्लास्कमध्येच तुटतं. शिवाय मेथॅनॉल वापरायला पेशीला ऑक्सिजन सपाटून लागतो, आणि २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जिथे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरतो तिथे ४० ला साडेसहाच्या आसपास. मेथॅनॉल उडतंही लवकर. इंडक्शन मुद्दाम २०-२५ ला नेऊन बघा. वाढ हळू होते, पण आंतर्द्रव्यजालिकेत घडीला वेळ मिळतो, आणि कित्येक प्रथिनांचा स्राव उलट वाढतो. बॅसिलस या जिवाणूचं अमायलेज करणाऱ्यांनी हा सगळा लेख सोडून दिला तरी चालेल, त्यांचा जीव ३७ ला खूश असतो. त्यांनी फक्त प्लेटा सुकू देऊ नयेत.

हिवाळ्याची उलट बाजू

गारवा म्हणजे सुरक्षित, हे यीस्टपुरतं ठीक. सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवणाऱ्यांना डिसेंबर नडतो. त्यांच्या पेशींत २० अंशांना प्रथिनं गॉल्जीच्या शेवटच्या टोकाशी अडून राहतात, १५ ला त्याच्याही आधी, जालिका आणि गॉल्जी यांच्या मधल्या टप्प्यावर. संशोधक हे दोन थांबे मुद्दाम वापरतात. धुळ्याच्या थंडीत डिश टेबलावर ठेवून चहाला गेलात तर तुम्हीही नकळत वापरता. स्रावाचा आकडा कमी येतो आणि दोष सीरमला. माध्यम, बफर, सगळं ३७ ला तापवून घ्या आणि डिश बाहेर काढून बोलत बसू नका.

व्हीएसव्ही विषाणूचं टीएस-०४५ हे तापमानाला हळवं जी-प्रथिन वापरत असाल तर ४० अंशांना ते जालिकेत मोडक्या घडीत कोंडलेलं राहतं, ३२ ला घडी बसून झुंडीने निघतं. ते ३० च्या खाली नेऊ नका, वेग इतका मंदावतो की निघालंच नाही असं वाटतं. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारातलं सीएफटीआर प्रथिनही असंच. ५०८ व्या जागेचं एक फिनाइलअलानिन गळालेलं हे प्रथिन ३७ ला पेशी आतच पकडून मोडून टाकते, पण २६-२७ ला वाढवलेल्या पेशींत त्यातलं काही पटलापर्यंत पोहोचतं. १९९२ पासून हे माहीत आहे. म्हणून असल्या प्रथिनाच्या पेशी कोणत्या तापमानाला ठेवल्या होत्या, ते वहीत लिहिल्याशिवाय निकाल वाचूच नये.

बीओडी मिळणार नसेल आणि बर्फाच्या बाटल्यांचा कंटाळा आला असेल, तर वेळापत्रक बदलून घ्या. सेकचं प्रॅक्टिकल डिसेंबर-जानेवारीत, बॅसिलसचं एप्रिलमध्ये. हिवाळ्यात खोली १८-२० ला असते, म्हणजे तोच जुना साधा इन्क्युबेटर २५ अंश बिनतक्रार धरतो. फक्त विभागप्रमुखांकडे अर्ज जुलैमध्येच द्या, दिवाळीनंतर दिलात तर वर्ष गेलं.